आम्लारी म्हणजे काय? हळदीच्या कागदापासून बोर्डो मलमापर्यंत

शाळेच्या पुस्तकात आम्लारीची व्याख्या आधी येते आणि उदाहरणं नंतर. "पाण्यात विरघळल्यावर हायड्रॉक्साइड आयन देणारा पदार्थ" हे वाक्य पोरं घडाघडा म्हणतात. पण समोर चुना, सोडा आणि मीठ ठेवून यातला आम्लारी कोणता असं विचारलं, की गप्प होतात. दोष पोरांचा नाही. आयन डोळ्यांना दिसत नाही, आणि न दिसणाऱ्या गोष्टीपासून सुरुवात केली की विषय परका वाटू लागतो. म्हणून इथे क्रम बदलला आहे: आधी हातानं करून बघायचं, मग नाव द्यायचं आणि शेवटी व्याख्येकडे जायचं. दहावीचा अभ्यास करणाऱ्या मुलामुलींना हे जेवढं उपयोगाचं आहे, तेवढंच ज्याच्या वावरात संत्र्याची झाडं आहेत त्यालाही आहे.

सामान सगळं गावातच मिळतं: हळद, पानाला लावायचा चुना, खायचा सोडा, धुण्याचा सोडा, मीठ, लिंबू, चुलीतली राख, अंगाचा साबण, जास्वंदाची चार फुलं. शिवाय कोरा पांढरा कागद आणि पाच-सहा काचेचे पेले.

सुरुवातीआधी, डोळ्यांबद्दल

हे आधी वाचा, मगच चुन्याला हात लावा. आपल्याकडे विदर्भात खर्रा, म्हणजे तंबाखू-सुपारी-चुना घोटून केलेलं मिश्रण, जवळपास घरोघरी पोहोचलेला आहे, त्यामुळे चुन्याची पुडी लहान पोरांच्या हाताला सहज लागते. पुडी दाबली की चुना पिचकारीसारखा उडतो आणि थेट डोळ्यात जातो. आम्लारीची जखम आम्लापेक्षा घातक ठरू शकते. आम्ल लागल्यावर वरच्या थरातली प्रथिनं गोठतात आणि आम्लाला पुढे जायला थोडा अडथळा होतो. आम्लारी मात्र पेशींच्या आवरणातली चरबी विरघळवत आत शिरत राहतो.

डोळ्यात चुना गेलाच तर त्याच क्षणी स्वच्छ पाण्याची धार सुरू करा. पापण्या उघड्या धरून, आत अडकलेले कण वाहून जातील अशी, किमान २० मिनिटं सलग धार धरा आणि मग थेट दवाखाना गाठा. चुना मारायला म्हणून लिंबू किंवा व्हिनेगर डोळ्यात कधीही घालू नका. डोळा चोळू नका. खर्रा सुटत नसेल तर निदान पुडी पोरांचा हात पोहोचणार नाही अशा जागी ठेवा.

दुसरी गोष्ट. आम्लारी चवीला कडवट लागतात असं पुस्तकात असतं. ते खरं आहे, पण प्रयोगातली कुठलीच गोष्ट चाखून ओळखायची नाही. ओळखायला कागद आहे.

पहिली पायरी: हळदीचा कागद

दोन चमचे हळद अर्ध्या कप कोमट पाण्यात कालवा. स्पिरिट किंवा सॅनिटायझर असेल तर पाण्याऐवजी ते घ्या, कारण हळदीतला रंग, म्हणजे कुरकुमिन, पाण्यात फारसा उतरत नाही आणि स्पिरिटमध्ये भराभर उतरतो. स्पिरिट पेटतं, तेव्हा हे काम चुलीपासून लांब करा. कोऱ्या कागदाच्या बोटभर रुंद पट्ट्या त्यात बुडवून सावलीत वाळवा. हळद घरी कुटलेली असेल तर उत्तम. वर्धा जिल्ह्यातल्या वायगावची हळद मिळाली तर रंग झकास चढतो. बाजारच्या पुडीतली हळदही चालते, फक्त तिच्यात भेसळ नसावी.

आता एकेका पेल्यात थोडं पाणी घेऊन एकेक पदार्थ कालवा आणि प्रत्येकात नवी पट्टी बुडवा.

चुन्यात पट्टी गेल्या गेल्या गडद लाल-तपकिरी होते. धुण्याच्या सोड्यातही तशीच होते. साबणाच्या पाण्यात ती लालसर होते. पांढऱ्या सदऱ्यावर पडलेला वरणाचा डाग साबण लावल्यावर लाल होतो, तो याच कारणानं. खायच्या सोड्यात बदल हलका असतो, पिवळ्याचा नारिंगी-तांबूस होतो आणि नीट पाहिलं नाही तर निसटतो. मीठ आणि लिंबू यांत पट्टी पिवळीच राहते.

राखेचं पाणी करायला थोडा धीर लागतो. पऱ्हाट्या किंवा तुराट्या जाळलेली राख मूठभर घ्या, पेलाभर पाण्यात रात्रभर ठेवा आणि सकाळी वरची निवळी अलगद दुसऱ्या पेल्यात ओता. या निवळीत पट्टी लाल होते. झाडाच्या राखेत पोटॅशियम कार्बोनेट असतं. राखेनं तेलकट भांडी निघायची त्यात घासण्याचा भाग होता, तसा या आम्लारीचाही होता, कारण आम्लारी तेला-तुपावर काम करून त्याचा साबण बनवतो. सोड्याचं पाणी बोटांना बुळबुळीत लागतं त्याचंही कारण हेच. आपल्याच कातडीवरच्या तेलकटपणाचा थोडासा साबण होत असतो. म्हणून प्रयोगानंतर हात भरपूर पाण्यानं धुवा.

एक बारीक गोष्ट मुद्दाम करून बघा. कोरड्या पट्टीवर कोरडा खायचा सोडा भुरभुरा. काही होत नाही. वर पाण्याचा एक थेंब टाका, आणि थेंबापुरता रंग बदलतो. पाण्याशिवाय हा खेळ नाही, हे इथं डोळ्यांनी दिसतं आणि पुढे व्याख्येत कामी येतं.

दुसरी पायरी: लाल पट्टी पुन्हा पिवळी करणं

चुन्यात लाल झालेली पट्टी ताटलीत ठेवा आणि तिच्यावर लिंबाचे दोन थेंब पिळा. थेंब पडला तिथं ती पिवळी होते. शेजारी पुन्हा चुन्याचं पाणी लावा, पुन्हा लाल. हे कितीही वेळा करता येतं.

माझ्या मते आम्लारी समजून घेण्याची खरी जागा ही आहे. आम्लारी म्हणजे आम्लाचा जोडीदार. आम्ल जे देतं ते घेणारा. दोघं एकत्र आले की एकमेकांचा गुण मारतात, आणि मागे पाणी आणि क्षार उरतो. याला उदासिनीकरण म्हणतात. पित्त वाढलं की डॉक्टर मॅग्नेशियम हायड्रॉक्साइड किंवा ॲल्युमिनियम हायड्रॉक्साइडचं पांढरं औषध देतात तेही हेच काम करतं. पोटातलं हायड्रोक्लोरिक आम्ल त्यानं मारलं जातं. खायच्या सोड्यानंही तात्पुरतं बरं वाटतं, पण तो रोज घ्यायची सवय लावू नये. त्यातून सोडियम शरीरात जातं, आणि रक्तदाब असलेल्यांना ते चालत नाही.

हळदीला एक मर्यादा आहे. ती आम्लारी ओळखते, आम्ल ओळखत नाही. लिंबात पिवळी आणि साध्या पाण्यातही पिवळीच. म्हणून लाल जास्वंदाच्या पाकळ्या गरम पाण्यात टाका, पाणी जांभळट झालं की गाळून घ्या. त्यात लिंबू पिळलं की झगझगीत गुलाबी होतं आणि सोडा टाकला की हिरवं. दोन्ही बाजू एकाच पाण्यात दिसतात. अशा रंग बदलणाऱ्या पदार्थांना दर्शक म्हणतात. प्रयोगशाळेतला लिटमस हा त्यातलाच एक, तोही दगडफुलासारख्या शैवाकांपासून (लायकेन) काढतात. तांबडा लिटमस आम्लारीत निळा होतो. फिनॉल्फथॅलिन रंगहीन असतं, ते आम्लारीत गुलाबी होतं. परीक्षेत हे दोन विचारतातच, तेव्हा पाठ असू द्या.

तिसरी पायरी: आता व्याख्या

स्वीडनच्या स्वान्ते अऱ्हेनियसनं १८८४ साली आपल्या प्रबंधात असं मांडलं, की काही पदार्थ पाण्यात विरघळताना विद्युतभारित कणांत, म्हणजे आयनांत, सुटे होतात. पुढे यातूनच आम्ल आणि आम्लारीची व्याख्या आली. आम्ल पाण्यात हायड्रोजन आयन देतं, आम्लारी हायड्रॉक्साइड आयन देतो, आणि दोन्ही भेटले की पाणी होतं. त्याच्या परीक्षकांना प्रबंध फारसा पटला नव्हता. १९०३ साली मात्र याच कामासाठी त्याला नोबेल मिळालं.

चुन्याचं पाणी म्हणजे कॅल्शियम हायड्रॉक्साइड. त्याच्या नावातच हायड्रॉक्साइड आहे, तेव्हा व्याख्या चपखल बसते. पण धुण्याचा सोडा म्हणजे सोडियम कार्बोनेट, त्यात हायड्रॉक्साइड कुठे आहे? आणि अमोनिया? त्यात तर नुसतं नायट्रोजन आणि हायड्रोजन. तरी दोघंही हळद लाल करतात. या अडचणीवर उत्तर आलं १९२३ साली. डेन्मार्कचा ब्रॉन्स्टेड आणि इंग्लंडचा लोरी या दोघांनी वेगवेगळं काम करून एकच गोष्ट सांगितली: जो हायड्रोजन आयन घेतो तो आम्लारी. कार्बोनेट पाण्याकडून हायड्रोजन आयन घेतो आणि हायड्रॉक्साइड मागे उरतो. अमोनियाही तेच करतो. म्हणजे हायड्रॉक्साइड घरूनच आणायला हवा असं नाही, तो पाण्यातूनही निर्माण करता येतो. त्याच वर्षी अमेरिकेच्या लुईसनं इलेक्ट्रॉनांच्या जोडीवरून आणखी व्यापक व्याख्या दिली. ती अकरावी-बारावीत भेटेल, इथे तिची गरज नाही.

अमोनियाचं हे रूप बघायचं असेल तर कल्हईवाल्याकडचा चिमूटभर नवसागर (अमोनियम क्लोराइड) आणि तेवढाच ओला चुना एका बशीत, मोकळ्या हवेत, एकत्र करा. नाकाला झोंबणारा वास येतो. नाक जवळ नेऊ नका. ओली केलेली हळदीची पट्टी बशीच्या वर वीतभर अंतरावर धरा. कशालाही न टेकता ती लाल होत जाते. वायूसुद्धा आम्लारी असू शकतो, हे सांगून पटत नाही तेवढं हे पाहून पटतं.

चौथी पायरी: अल्क कोणाला म्हणायचं

पाण्यात विरघळणाऱ्या आम्लारीला अल्क म्हणतात. सगळे अल्क आम्लारी असतात, पण सगळे आम्लारी अल्क नसतात. तांब्याचा गुंड, म्हणजे पाण्याचं भांडं, काळा पडतो तो काळा थर बहुतांशी कॉपर ऑक्साइडचा असतो. तोही आम्लारीच आहे, पण पाण्यात विरघळत नाही, म्हणून हळदीचा कागद त्याच्यासमोर मुका राहतो. चिंच लावा. चिंचेतलं टार्टारिक आम्ल त्याच्याशी जुळतं, थर निघतो आणि खालचं तांबं लखलखतं. आम्लाशी जुळून क्षार आणि पाणी देतो, एवढ्यावरून त्याला आम्लारी म्हणायचं. धातूंची ऑक्साइडं बहुधा आम्लारी असतात हे इथेच लक्षात ठेवा.

चुन्याचा प्रवासही याच वर्गातला. चुनखडी भट्टीत साधारण ९०० अंश सेल्सियसला भाजली की तिच्यातून कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि कळीचा चुना, म्हणजे कॅल्शियम ऑक्साइड उरतो. त्यावर पाणी टाकलं की तो फसफसतो, वाफा निघतात आणि विरी गेलेला चुना होतो. हे काम मोठ्या माणसानंच करावं, ढणढण पाणी न ओतता थोडंथोडं टाकावं आणि चेहरा लांब ठेवावा. भिंतीला लावलेला चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन पुन्हा चुनखडीसारखा कडक होतो. चुन्याच्या निवळीत नळीनं फुंकर घातली की ती दुधाळ होते, तेही हेच. फुंकायचं फक्त, ओढायचं नाही.

पाचवी पायरी: किती? म्हणजे सामू

लाल झाला एवढ्यानं भागत नाही, किती तीव्र ते कळायला हवं. डेन्मार्कच्या सोरेन्सननं १९०९ साली कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत त्यासाठी मोजपट्टी तयार केली. तिला आपण सामू किंवा पीएच म्हणतो. नेहमीच्या मापात ती ० ते १४. मधला ७ म्हणजे उदासीन, त्याखाली आम्ल, त्यावर आम्लारी.

खायच्या सोड्याच्या पाण्याचा सामू ८.३ च्या आसपास असतो, धुण्याच्या सोड्याचा ११ च्या पुढेमागे, चुन्याच्या गच्च निवळीचा १२.४. म्हणूनच पहिल्या पायरीत खायच्या सोड्यानं पट्टी जेमतेम तांबूस झाली आणि चुन्यानं गडद लाल. पण हे आकडे साधे वाटले तरी एकेक घर दहापटीचं आहे. सामू ८ वरून ९ झाला तर हायड्रॉक्साइड दहापट, १० झाला तर शंभरपट. आपल्या बुलढाणा जिल्ह्यातल्या लोणार सरोवराच्या पाण्याचा सामू साडेनऊ ते साडेदहाच्या दरम्यान मोजला गेला आहे. सोडियमची कार्बोनेटं त्या पाण्यात साठलेली आहेत. अशा पाण्यात आपल्या नदीतले मासे टिकत नाहीत, पण तिथलेच खास सूक्ष्मजीव आनंदानं वाढतात. २०२० च्या जूनमध्ये ते पाणी गुलाबी झालं होतं ते मिठात वाढणाऱ्या अशाच सूक्ष्मजीवांमुळे. लोणारला गेलात तर पट्टी खिशात असू द्या.

सहावी पायरी: वावरात

विदर्भातली काळी माती बहुतेक ठिकाणी आम्लारीधर्मी, सामू साडेसात ते साडेआठच्या घरात. धानपट्ट्यातल्या काही जमिनी मात्र आम्लाकडे झुकतात. त्यामुळे कोकणातल्या तांबड्या मातीसाठी दिलेला "जमिनीत चुना टाका" हा सल्ला वाचून आपल्या काळ्या वावरात चुना टाकू नका. हळदीचा कागद इथं पुरत नाही, एवढ्या बारीक फरकाला तो चुकतो. माती परीक्षण करून घ्या आणि मृदा आरोग्य पत्रिकेवरचा सामूचा आकडा स्वतः वाचा.

तो आकडा का महत्त्वाचा? काटोल, वरुड, मोर्शीकडच्या चुनखडीच्या जमिनीत संत्र्याची कोवळी पानं पिवळी पडतात आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. मातीत लोह असतं, पण चढ्या सामूत ते विरघळत नाही आणि मुळांना उचलता येत नाही. नुसतं लोहाचं खत मातीत टाकून पैसे जातात, ते तिथंच पुन्हा अडकतं. फवारणीतून किंवा चिलेट रूपातलं, म्हणजे सेंद्रिय रेणूनं धरून ठेवलेलं आणि मातीत न अडकणारं लोह द्यावं लागतं.

खारपाणपट्ट्यात, म्हणजे पूर्णेच्या खोऱ्यात अकोला, अमरावती, बुलढाण्याच्या काही तालुक्यांत, आणखी एक घोळ होतो. खारं आणि आम्लारीधर्मी ही एकच गोष्ट नव्हे. मिठाच्या पाण्यात पट्टी पिवळीच राहिली होती ते आठवा. क्षार जास्त पण सामू बेताचा, अशी जमीन वेगळी, आणि सोडियम चिकटून सामू साडेआठच्या वर गेलेली चोपण जमीन वेगळी. चोपण जमिनीत जिप्सम टाकतात. जिप्सम आम्ल नाही, त्यातलं कॅल्शियम मातीच्या कणांवरच्या सोडियमची जागा घेतं, आणि सुटलेलं सोडियम पाण्यानं धुऊन काढावं लागतं. निचरा नसेल तर जिप्समचा खर्च वाया.

युरियाचंही तसंच. मातीत गेल्यावर त्याचा अमोनिया होतो, आणि चढ्या सामूच्या मातीवर तो उघडा पडला तर उडून जातो. नवसागराच्या बशीवर पट्टी लाल झाली होती तो हाच वायू. म्हणून युरिया नुसता वरून न फेकता मातीआड करा.

सातवी पायरी: बोर्डो मलम

संत्र्याच्या खोडाला डिंक्यापासून, म्हणजे खोडातून डिंक गळायला लावणाऱ्या बुरशीच्या रोगापासून, जपायला जे निळं मलम लावतात, त्यात वर शिकलेलं सगळं एका घमेल्यात येतं. हे मिश्रण फ्रान्सच्या बोर्डो भागातलं, द्राक्षांसाठी शोधलेलं. मिलार्दे या वनस्पतिशास्त्रज्ञानं १८८५ साली ते जगापुढे आणलं.

मलमाला १ किलो मोरचूद (कॉपर सल्फेट), १ किलो कळीचा चुना आणि १० लिटर पाणी लागतं. (फवारणीच्या १ टक्का मिश्रणाला तेवढ्याच मोरचूद-चुन्याला १०० लिटर.) मोरचूद ५ लिटर पाण्यात प्लास्टिकच्या बादलीत विरघळवा, लोखंडी भांड्यात कधीच नाही. चुना दुसऱ्या बादलीत थोड्या पाण्यानं विरवून, थंड होऊ देऊन, ५ लिटर करा आणि गाळून घ्या. मग दोन्ही एकदम तिसऱ्या भांड्यात ओतत लाकडी काठीनं ढवळत राहा. मऊ आकाशी-निळं मिश्रण तयार होतं.

चुना कशाला? मोरचुदाचं पाणी आम्लधर्मी असतं आणि त्यातलं सुटं तांबं कोवळ्या सालीला, पानांना भाजतं. चुन्यातला हायड्रॉक्साइड त्या तांब्याला धरून ठेवतो. मग ते बुरशीला पुरेल इतकंच हळूहळू सुटतं.

चुना पुरला की नाही हे तपासायची रीत सोपी आहे. घासून चकचकीत केलेला लोखंडी खिळा किंवा विळा मिश्रणात मिनिटभर बुडवा. बाहेर काढल्यावर त्यावर तांबूस थर दिसला तर सुटं तांबं अजून शिल्लक आहे. चुन्याची आणखी निवळी घालून ढवळा आणि पुन्हा खिळा बुडवा. तो जसाच्या तसा निघाला की मलम लावायला तयार. बाजारचा चुना जुना, हवेत पडून विरलेला असेल तर किलोला किलो घेऊनही कमी पडतो, कारण त्यातला बराच भाग पुन्हा चुनखडी झालेला असतो. म्हणून मापावर विसंबू नका, खिळ्यावर विसंबा.

पावसाळ्याआधी एकदा आणि पावसाळ्यानंतर एकदा, जमिनीपासून मीटरभर उंचीपर्यंत ब्रशनं लावा. हातमोजे आणि चष्मा घाला. केलेलं मलम त्याच दिवशी संपवा, दुसऱ्या दिवशी त्याचे कण गोळा होऊन खाली बसतात आणि खोडाला नीट चिकटत नाहीत.